चित्राभोवतीची कोरी जागा : ठशापासून पडद्यापर्यंत

पानावर छापलेल्या चित्राभोवती दिसणारी कोरी जागा दोन प्रकारची असते. एक मुद्दाम सोडलेली, तिला समास म्हणतात. दुसरी कोणी न मागता आलेली. ही दुसरी जागा शोधून घालवणे हे पान लावणाऱ्यांचे जुने काम आहे. संगणकावर प्रबंध किंवा अहवाल तयार करताना आकृतीच्या वर-खाली पडणारा पांढरा पट्टा आज जसा डोकेदुखी होतो, तसाच तो शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरलाही त्रास देत असे. मात्र कंपोझिटरला तो पट्टा चिमटीत धरून उचलता येई.

या जागेचा इतिहास पाहिला तर ती कधीच बेवारशी नसते, असे दिसते. ती चित्राच्या स्वतःच्या अंगची असते, किंवा चित्र ज्या चौकटीत बसवले त्या चौकटीची असते, किंवा भोवतीच्या ओळींची आणि पानाची असते. छपाईचे तंत्र बदलले की मालक बदलतो आणि त्याबरोबर दुरुस्तीची रीतही बदलते.

लाकडी ठसे आणि खिळे

सुट्या खिळ्यांनी छापलेल्या पुस्तकात चित्रे घालण्याची सुरुवात जर्मनीतील बाम्बेर्ग शहरात आल्ब्रेख्ट फिस्टर या मुद्रकाने केली. त्याने १४६१ मध्ये छापलेल्या ‘देर एडेलश्टाइन’ या बोधकथांच्या पुस्तकात लाकडी ठशांची चित्रे आहेत. लाकडी ठसा आणि खिळा या दोन्हींत उंच भागाला शाई लागते आणि खोल भाग कोरा राहतो. त्यामुळे दोन्ही एकाच यंत्रावर चालू शकत होते. अट एकच होती : ठशाची उंची खिळ्याइतकीच हवी. पुढे ब्रिटिश आणि अमेरिकी छपाईत ही उंची ०.९१८ इंच ठरली. ठसा बसका असला तर चित्र फिके उठे, उंच असला तर त्याच्या कडेचे खिळे कागदाला नीट टेकत नसत आणि चित्रालगतची अक्षरे तुटक छापली जात. बसक्या ठशाखाली कागदाचे कपटे सारून उंची साधणे हा छापखान्यातील रोजचा उद्योग होता.

उंचीइतकाच लांबी-रुंदीचा प्रश्नही होता. खिळ्यांचे पान म्हणजे लोखंडी चौकटीत आवळलेला धातूचा आणि लाकडाचा एक ठोकळा, त्याला फर्मा म्हणत. त्यात कोरी जागा ‘सुटलेली’ नसते, भरलेली असते. दोन शब्दांमध्ये बिनअक्षरांचे बुटके खिळे, दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या, चित्राच्या बाजूला लाकडाचे तुकडे आणि चौकटीच्या आतल्या कडेला पाचरी, अशी सगळी भरती खिळ्यांहून कमी उंचीची असल्याने छापली जात नाही. पाचरी ठोकून फर्मा आवळला की तो उचलून यंत्रावर नेता येतो. एखादी बाजू केसभर कमी भरली तरी उचलताना खिळे खाली गळतात. म्हणून चित्राभोवती काहीतरी भरणे भागच असे. ठशाची उभी लांबी ओळींच्या पटीत नसली, म्हणजे दहा ओळींपेक्षा मोठी आणि अकरा ओळींपेक्षा लहान असली, तर उरलेला फरक पट्ट्यांनी भरावा लागे. ती भरती सगळी एका बाजूला गेली की चित्राखाली विनाकारण रुंद कोरा पट्टा दिसे. कसबी कंपोझिटर ती वर आणि खाली वाटून टाकी, किंवा ठशाची कड तासून तो ओळींच्या मापात आणी. नको असलेली कोरी जागा आणि तिचा इलाज यांची ही पहिली जोडी.

मोठ्या ग्रंथांत हा हिशेब आधीच कागदावर मांडला जाई. न्यूर्नबेर्गमध्ये आंटोन कोबेर्गर याने १४९३ मध्ये छापलेल्या जगाच्या इतिवृत्तात ६४५ ठसे पुन्हा पुन्हा वापरून सुमारे १,८०० चित्रे साधली आहेत. त्या वर्षी ग्रंथाची एक आवृत्ती लॅटिनमध्ये आणि दुसरी जर्मनमध्ये निघाली. ठसे तेच, पण मजकुराची लांबी वेगळी. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीसाठी पानागणिक हाताने रेखाटलेले नमुने तयार करण्यात आले. कोणता ठसा कुठे येईल आणि त्याच्या कडेने किती ओळी बसतील हे त्यांत आखलेले होते. हे नमुने आजही जपलेले आहेत. चित्राची जागा मजकुराआधी ठरवून घ्यायची, ही पान लावण्याची रीत त्यांत स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक याने लाकडी ठशाचे तंत्र पालटले. फळीच्या उभ्या अंगावर सुरीने कोरण्याऐवजी त्याने बॉक्सवुड या घट्ट लाकडाच्या आडव्या कापावर धातुशिल्प्याच्या टोकदार हत्याराने कोरले. त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथाचे दोन भाग १७९७ आणि १८०४ मध्ये आले. त्यांतल्या लहान चित्रांना चौकटच नाही. चित्राच्या कडा विरत जाऊन कागदात मिसळतात. त्यासाठी ब्यूइक ठशाचा कडेचा पृष्ठभाग किंचित खाली घासून घेत असे, म्हणजे तिथे दाब कमी पडून रेषा फिक्या उठत. इथे कोरी जागा चित्राचाच भाग झाली. पण चित्र कुठे संपते हे डोळ्याने ठरवावे लागे, आणि ठसा चौकोनीच असल्याने चौकोनाचे मोकळे कोपरे मजकुराला वापरता येत नसत. चित्राची दिसणारी सीमा आणि त्याची मोजली जाणारी सीमा यांतील हा फरक पुढे संगणकाच्या काळात पुन्हा डोके वर काढणार होता.

तांबे आणि शिळा

तांब्याच्या पत्र्यावरील छपाई उलट तत्त्वावर चालते. तिच्यात शाई खोल रेषांत भरतात आणि ओलसर कागद रुळांच्या जबर दाबाखाली पत्र्यावर दाबतात. खिळ्यांच्या यंत्रावर हे काम होत नाही. म्हणून तांब्यावरची चित्रे एकतर वेगळ्या पानांवर छापून पुस्तकात बांधली जात, नाहीतर तोच कागद दुसऱ्यांदा दुसऱ्या यंत्रातून काढला जाई. पत्र्याच्या कडेचा चौकोनी ठसा कागदात खोल उमटतो, तोही चित्राहून मोठा असतो. तो मजकुरावर येऊ नये म्हणून भोवती मोकळी पट्टी राखावी लागे. अशा पुस्तकांतील चित्रांभोवतीची ऐसपैस जागा काही अंशी दोन यंत्रांमधील सीमारेषा आहे.

अक्षर आणि चित्र एकाच पत्र्यावर कोरले तर हा प्रश्नच उरत नाही. मराठी मुलखात मिरज येथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. तिच्यात ओळी, समास आणि पानाची चौकट सगळे एकाच हाताचे आहे.

आलोइस सेनेफेल्डर याने १७९० च्या दशकात शोधलेल्या शिळाछापाने हीच सोय स्वस्त केली. शिळेवर तेलकट शाईने लिहा किंवा चित्र काढा, दोन्ही सारखेच उमटते. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पंचांगातली कोष्टके, आडव्या-उभ्या रेघा आणि अक्षरे खिळ्यांनी जुळवायची तर प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना भरती करावी लागते. शिळेवर लिहिणारा मात्र रेघेला अक्षर हवे तितके खेटून लिहू शकत होता. शिळाछापातली चुकीची जागा ही लेखणीची चूक असे, साच्याची नव्हे.

ब्लॉक आणि त्याची किनार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्ल आणि छायाचित्रण यांच्या साहाय्याने धातूचे ठसे तयार होऊ लागले. फ्रान्समध्ये फिर्मां जिलो याने १८५० मध्ये जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेखाचित्र उंच उठवण्याची रीत काढली. म्युनिकच्या गेओर्ग माइसेनबाख याने १८८२ मध्ये हाफटोनचे पेटंट घेतले. जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे बारीक-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर केल्याने करड्या छटाही खिळ्यांच्या यंत्रावर छापता येऊ लागल्या. मराठी छापखान्यांच्या बोलीत या दोन्हींना सरसकट ‘ब्लॉक’ म्हणत : रेखाचित्राचा तो लाइन ब्लॉक, छायाचित्राचा तो हाफटोन.

चित्राभोवती नको असलेली जागा येण्याचे एक नवे कारण या ब्लॉकने आणले. पातळ पत्रा खिळ्यांच्या उंचीला आणण्यासाठी लाकडी ठोकळ्यावर बसवावा लागे आणि तो चुका म्हणतात त्या बारीक खिळ्यांनी ठोकला जाई. चुका ठोकायला चित्राच्या कडेबाहेर पत्र्याची खालच्या पातळीवरची काही मिलिमीटरची किनार राखलेली असे. ती छापली जात नसे, पण जागा मात्र व्यापी. दोन ब्लॉक एकमेकांना खेटून लावले तरी मध्ये दोन्ही किनारींच्या बेरजेइतका पांढरा पट्टा उरे. मथळा चित्राला भिडवायचा असला तरी तीच किनार आडवी येई. यावर दोन इलाज होते. एक, करवतीने किनार कापून पत्रा ठोकळ्याला चुकांऐवजी चिकटवणे, म्हणजे चित्र ठोकळ्याच्या अगदी कडेपर्यंत जाई. दुसरा, ब्लॉकच्या कोपऱ्यात किंवा मध्ये चौकोनी खाच कापून तिच्यात खिळे बसवणे. जाहिरातींत चित्राच्या पोटात जुळवलेली अक्षरे दिसतात ती अशा खाचेतून आली.

हाफटोनची दुसरी अडचण उलट्या स्वरूपाची होती. जाळीमुळे छायाचित्रातला पांढरा भागही पूर्ण पांढरा राहत नाही, त्यावर बारीक ठिपके येतात. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेले छायाचित्र छापले की माणसाभोवती फिक्या करड्या रंगाचा चौकोन दिसे. कोरी हवी तिथे जागा कोरी होत नव्हती. मग ब्लॉक करणारा आकृतीच्या कडेने पार्श्वभूमी खोदून काढी. त्याला कटआउट म्हणत. चित्राची खरी सीमा हाताने कोरून ठरवण्याचे हे काम आजच्या पारदर्शक पार्श्वभूमीचे पूर्वरूप आहे.

महाराष्ट्रात हे तंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मूळ धरू लागले. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी धुंडिराज गोविंद फाळके यांचा व्यवसाय हाच होता. लोणावळ्याला त्यांनी ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला होता आणि यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक त्याच वर्षीचा. सचित्र मासिक ही कल्पना ब्लॉकच्या स्वस्ताईवर उभी होती. मासिकाच्या पानात छायाचित्र आणि मजकूर शेजारी शेजारी आले, की किनारीचे मिलिमीटर मोजणे हे कंपोझिटरचे नित्यकर्म झाले.

कात्री, गोंद आणि निगेटिव्ह

ऑफसेट छपाई आणि फोटोटाइपसेटिंग रूढ झाल्यावर पानातून शिसे गेले. मजकूर ब्रोमाइड कागदावर निघे, चित्राचे ब्रोमाइड वेगळे येई आणि दोन्ही कापून एका जाड कागदावर चिकटवले जात. त्या कागदाचा फोटो घेऊन निगेटिव्ह आणि निगेटिव्हवरून प्लेट होई. इथे कोरी जागा म्हणजे निव्वळ मोकळा कागद. भरतीची गरज उरली नाही. चित्र हवे तितके सरकवता येई, तिरके लावता येई, मजकुरात घुसवता येई.

नको असलेली जागा यायची ती कापण्याच्या आळसातून. चित्राच्या ब्रोमाइडला कडेने पांढरा कागद ठेवून चिकटवले की तो खालच्या ओळीवर चढे, किंवा ओळीच खाली सरकवाव्या लागत. शिवाय कापलेल्या कडेची सावली कॅमेऱ्यात येऊन निगेटिव्हवर बारीक रेघ उमटे. ती निगेटिव्हवर अपारदर्शक रंगाचा ब्रश फिरवून बुजवावी लागे. चित्राभोवतीची जागा निर्मळ ठेवणे हे पहिल्यांदाच ब्रशचे काम झाले.

चार आकडे

संगणकाच्या काळात कोऱ्या जागेने आपले शरीर टाकले आणि ती आकड्यांत गेली. स्टॅनफर्डमध्ये डॉनल्ड क्नुथ यांनी १९७७ पासून विकसित केलेल्या टेक या मजकूरजुळणी प्रणालीत पान म्हणजे पेट्यांची रचना आहे. प्रत्येक अक्षर एक पेटी, ओळ म्हणजे अक्षरपेट्यांची पेटी, पान म्हणजे ओळींची पेटी. पेट्यांमध्ये ताणता-आकसता येणारा ‘गोंद’ असतो. खिळे आणि शिशाच्या पट्ट्या यांचीच ही गणिती आवृत्ती. पण मूळ टेकला चित्र म्हणजे काय हे माहीत नव्हते. ती फक्त एवढ्या मापाची पेटी रिकामी ठेव असे सांगू शकत होती, आणि त्या पेटीत काय छापायचे ही सूचना जशीच्या तशी पुढच्या प्रोग्रॅमकडे ढकलत होती.

ते माप कळवण्याची सोय पोस्टस्क्रिप्टने केली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अडोबी कंपनीची ही पानवर्णनाची भाषा. १९८५ मध्ये ती ॲपलच्या लेझरप्रिंटरमध्ये आली, त्याच वर्षी आल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि डेस्कटॉप छपाई सुरू झाली. एका दस्तऐवजात दुसऱ्याचे चित्र घालता यावे म्हणून पोस्टस्क्रिप्टचा जो ‘बंदिस्त’ प्रकार ठरला, त्याच्या सुरुवातीला बाउंडिंग बॉक्सची एक ओळ असते. तिच्यात चार आकडे : चित्राच्या डाव्या-खालच्या कोपऱ्याचे दोन आणि उजव्या-वरच्या कोपऱ्याचे दोन. एकक पॉइंटचे, एका इंचात ७२. चित्र कुठून कुठवर आहे हे घेणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त या चार आकड्यांवरून कळते. आत काय काढले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आकडे खरे असतील तर सर्व ठीक. पण आलेख काढणारे अनेक प्रोग्रॅम आणि छपाईचे ड्रायव्हर स्वतःचे चित्र मोजत नसत. ते सरळ पूर्ण पानाचे माप लिहून मोकळे होत. ए-फोर पानासाठी ते ०, ०, ५९५, ८४२ असे येते. समजा, पानाच्या मध्यभागी ३०० पॉइंट रुंद आणि २०० पॉइंट उंच आलेख आहे. दस्तऐवजात तो २४० पॉइंट रुंदीच्या स्तंभात बसवायचा आहे. प्रोग्रॅम ५९५ ला २४० करतो, म्हणजे सगळे सुमारे ०.४० पटीने लहान होते. आलेखाची रुंदी १२१ पॉइंट आणि उंची ८१ पॉइंट उरते. पण त्याच्यासाठी राखलेली जागा ३४० पॉइंट उंच असते. वर-खाली मिळून जवळजवळ २५९ पॉइंट, म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त कोरी जागा, आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटासारखा आलेख. १९९० च्या दशकात शास्त्रीय लेख लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी हे दृश्य पाहिले आहे. आधी त्यांना आलेख लहान झाल्यासारखे वाटे. खरा दोष चौकट मोठी असण्याचा होता.

इलाज दोन. एक तर मजकूर-संपादकात फाइल उघडून ते चार आकडे हाताने बदलणे. छापील प्रतीवर पट्टीने मोजून आकडे काढणे ही त्या काळातली सर्रास रीत होती. दुसरा इलाज म्हणजे घोस्टस्क्रिप्टसारख्या प्रोग्रॅमकडून चित्र प्रत्यक्ष रंगवून घेणे आणि शाई कुठवर पोचते ते मोजवून घेणे. टेकवर आधारलेल्या लॅटेकच्या १९९४ च्या आवृत्तीबरोबर आलेल्या ग्राफिक्स संचात चारी बाजूंनी किती कातरायचे हे सांगायची सोय होती. मात्र कातरलेला भाग झाकायची वेगळी आज्ञा दिली नाही तर तो मजकुरावर छापला जाई. माप कमी करणे आणि शाई थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना त्यातून शिकावे लागले.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफमध्ये हीच चौकट वाढत गेली. कागदाची पूर्ण चौकट, दाखवायच्या भागाची चौकट, आणि पुढे १.३ या आवृत्तीत कापून उरणाऱ्या पानाची, कापापलीकडे पसरणाऱ्या रंगाची आणि अर्थपूर्ण आशयाची अशा आणखी तीन. एकाच पानाला पाच चौकटी झाल्या. चित्र घेणारा प्रोग्रॅम त्यांतली कोणती वाचतो यावर कोऱ्या जागेचे माप बदलू लागले. पीडीएफ उघडून ‘क्रॉप’ केले आणि दस्तऐवजात घातल्यावर कोरी जागा परत आली, या गोंधळाचे कारण बहुधा हेच असते : कापताना एक चौकट बदलली, वाचताना दुसरी वाचली गेली.

ठिपक्यांच्या चित्रांचा प्रश्न वेगळा. स्कॅन केलेल्या चित्राच्या कडेचा पांढरा भाग चौकटीचा नसतो, तो चित्राचेच ठिपके असतो. कोपऱ्याच्या रंगाशी जुळणाऱ्या कडा आपोआप छाटणारी साधने आहेत, पण स्कॅनरला कागद कधीच एकसारखा पांढरा दिसत नाही. त्यात जेपेग पद्धत आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांत चित्र आवळते आणि कडेला फिकी धूळ सोडते. डोळ्याला कोरा वाटणारा पट्टा साधनाला भरलेला दिसतो. म्हणून छाटताना रंगात थोडी ढिलाई ठेवावी लागते. काही प्रकारच्या फाइलींत छाटल्यानंतरही जुन्या मोठ्या कॅनव्हासचे माप तसेच लिहिलेले राहते आणि ते वेगळे पुसावे लागते.

ओळ, परिच्छेद आणि पान

चौकट बरोबर असूनही जागा उरते तेव्हा मालक बदललेला असतो. लॅटेकमध्ये आकृती मध्यभागी आणण्यासाठी ‘सेंटर’ रचना वापरली की ती यादीसारखी वागते आणि वर-खाली परिच्छेदाची जागा जोडते. आकृतीच्या स्वतःच्या समासावर ही दुसरी भर. त्याऐवजी केवळ मध्यभागी आणणारी आज्ञा वापरली की भर जाते. ‘तरंगती’ आकृती किमान अर्धे पान व्यापत असेल तर लॅटेकच्या मूळ नियमाप्रमाणे ती स्वतंत्र पानावर एकटी जाऊ शकते. अशा पानावर ती वर न बसता उभ्या मध्यावर येते. अर्धे पान कोरे दिसते तेव्हा चित्रात शोधण्यासारखे काही नसते. तो पानाचा नियम असतो.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘ओळीत’ ठेवलेले चित्र म्हणजे एक मोठे अक्षर. अक्षर मधोमध तुटत नाही. म्हणून पानाच्या तळाशी जागा कमी पडली तर ते पूर्णच्या पूर्ण पुढच्या पानावर जाते आणि मागे पानाचा तळ मोकळा उरतो. वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत मूळ परिच्छेदाला ओळींमध्ये १.१५ पट अंतर आणि खाली १० पॉइंटची जागा आपोआप मिळू लागली. आधीच्या दस्तऐवजांत घट्ट बसलेली चित्रे नव्या साच्यात आली की सैल दिसू लागली. चित्राच्या परिच्छेदाचे अंतर शून्य केले की पट्टा नाहीसा होतो.

पडद्यावरच्या गूढ फटी

वेबच्या पानावर मजकुरातच चित्र दाखवण्याची सूचना मार्क अँड्रीसन याने फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडली. तिथेही चित्र ओळीतले अक्षरच ठरले. पानाची मांडणी करण्याचे दुसरे साधन नसल्याने १९९० च्या दशकात मोठी चित्रे तुकड्यांत कापून कोष्टकाच्या घरांत एकमेकांना चिकटवून बसवली जात. अंतर हवे असेल तिथे एकाच ठिपक्याचे पारदर्शक चित्र ताणून ठेवत. पाचशे वर्षांपूर्वीचा बिनअक्षराचा बुटका खिळाच नव्या रूपात परत आला : कोरी जागा पुन्हा एक वस्तू झाली, जी ठेवता येते आणि काढता येते.

नेटस्केप या ब्राउझरची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २००० मध्ये आली. प्रमाणित नियमांची घोषणा करणारी पाने ती तंतोतंत नियमानुसार मांडू लागली, आणि चिकटलेल्या तुकड्यांमध्ये एकाएकी काही ठिपक्यांच्या आडव्या फटी पडल्या. पानात कुठेच चूक नव्हती. चित्राची खालची कड अक्षरांच्या आधाररेषेवर टेकते आणि त्या रेषेखाली अक्षरांच्या लोंबत्या भागांसाठी ओळ जागा राखते. इंग्रजीत ती जी आणि वायच्या शेपटीसाठी असते. घरात एकही अक्षर नसले तरी ओळ असतेच, म्हणून जागाही असते. जुने ब्राउझर ती गिळत होते, नव्याने ती दाखवली. एरिक मेयर यांनी नेटस्केपसाठी लिहिलेल्या लेखात हे कारण आणि इलाज समजावून सांगितले : चित्राला ओळीतून काढून स्वतंत्र ठोकळा करणे, किंवा त्याची कड ओळीच्या तळाशी टेकवणे. २००२ मध्ये मोझिला ब्राउझरमध्ये याच एका फरकासाठी ‘जवळजवळ प्रमाणित’ असा तिसरा मार्ग ठेवण्यात आला.

देवनागरीत ही फट जास्त सहज समजते. ‘कु’, ‘कू’, ‘कृ’ यांची चिन्हे अक्षराखाली उतरतात, आणि वेलांटी, रफार, अनुस्वार डोक्यावर चढतात. फाँट करणाऱ्याला वर-खाली दोन्हीकडे जागा राखावी लागते. ओळीची उंची फाँटवर सोडलेल्या मराठी पानात चित्र ओळीत ठेवले, तर त्याच्याखाली उकाराच्या वाट्याची जागा कोरी राहते, मग त्या ओळीत उकार असो वा नसो. शेजारच्या दोन चित्रांमधल्या उभ्या फटीचे कारण याहूनही साधे असते : मूळ पानात दोन आज्ञांमध्ये एंटर दाबलेला असतो आणि ब्राउझर तो शब्दांमधली मोकळी जागा म्हणून मोजतो.

तपासणीचा क्रम

या सगळ्या अनुभवातून शोधाचा एक क्रम तयार झाला आहे आणि तो ठशापासून पडद्यापर्यंत फारसा बदललेला नाही. आधी चित्र एकटेच उघडून पाहावे. कड त्याच्या स्वतःच्या अंगची असेल तर ती छाटावी, ब्लॉकची किनार करवतीने कापत तशी. चित्र स्वच्छ असेल तर त्याने जाहीर केलेले माप पाहावे : बाउंडिंग बॉक्सचे चार आकडे, पीडीएफच्या चौकटी, कॅनव्हासचे माप. चित्राभोवती तात्पुरती बारीक रेघेची चौकट काढली की ही पायरी क्षणात सुटते. जागा रेघेच्या आत असेल तर ती चित्राची किंवा त्याच्या मापाची, बाहेर असेल तर ओळीची, परिच्छेदाची किंवा पानाची. बाहेरची जागा असेल तर चित्राला हात न लावता अंतराचे नियम बदलावेत. हा क्रम उलटा झाला की चित्र नाहक लहान-मोठे केले जाते, अक्षरे ताणली जातात आणि पट्टा तिथेच राहतो.